"थकबाकी असेल तर गच्ची मिळणार नाही": या वाक्याचा अर्थ नक्की काय?

खाडीपलीकडची (धागाकर्ती)

नमस्कार. गेले तीन आठवडे एक वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. थोडं लांबेल.

आम्ही ऐरोलीत राहतो. सोसायटीच्या समितीत मी दोन वर्षं आहे. चैत्रात मीच एक सूचना लिहून फलकावर लावली: "देखभाल खर्चाची थकबाकी असेल तर कार्यक्रमासाठी गच्ची मिळणार नाही." पुढे वैशाखात तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबात मुलीचा साखरपुडा ठरला आणि त्यांनी गच्ची मागितली. त्यांच्याकडे एक पैसा बाकी नव्हता. पण त्याच आठवड्यात गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम काढलेलं होतं, म्हणून समितीने नकार दिला. मुलीचे वडील सूचनेचा फोटो घेऊन सभेत आले. म्हणाले, "थकबाकी असेल तर नाही, असं तुम्हीच लिहिलंय. माझी थकबाकी नाही. मग मला मिळायला हवी." त्यावर समितीतले एकजण सगळ्यांसमोर म्हणाले, "थकबाकी नसेल तर मिळेल असं कुठे लिहिलंय? आधी वाक्य नीट वाचायला शिका." ते गृहस्थ काही न बोलता खाली बसले. साखरपुडा दुसरीकडे हॉल घेऊन झाला. समितीतल्या कुणालाही बोलावणं आलं नाही.

मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. बारावीला पहिलंच प्रकरण गणितीय तर्कशास्त्राचं आहे. 'जर प तर फ' यावरून 'प नाही तर फ नाही' असं निघत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि मुलांकडून चार-चार उदाहरणं करून घेते. पुस्तकाप्रमाणे समितीतले गृहस्थ बरोबर होते. पण सभेत बसल्या बसल्या मला वाटत होतं की तिसऱ्या मजल्यावरचे काकाही बरोबर आहेत. वाक्य माझं होतं. लिहिताना माझ्या मनातही हेच होतं की ज्यांची थकबाकी नाही त्यांना गच्ची मिळेल.

म्हणून विचारते. जर-तरचं वाक्य ऐकल्यावर आपण मनात नक्की काय करतो? आणि ते करतो ते चूक कसं म्हणायचं?

सुरुवातीला एक कोडं देते. शोधून पाहू नका, मनाला येईल ते उत्तर लिहा. टेबलावर चार कार्डं आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. समोर दिसतंय: अ, क, ४, ७. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा हे ठरवायला कोणती कार्डं उलटून पाहायलाच हवीत?

पाचपाखाडी

अ आणि ४. स्वराच्या मागे सम आहे का ते बघायचं आणि समच्या मागे स्वर आहे का ते बघायचं.

घणसोली_ते_दादर

फक्त अ. बाकीच्यांबद्दल नियम काही बोलतच नाही.

माळ्यावरची_पेटी

मीही अ आणि ४.

तुर्भे_नाका

अ आणि ७. हा नियम एकाच प्रकारे मोडू शकतो: एका बाजूला स्वर आणि दुसऱ्या बाजूला विषम. अ उलटला आणि विषम निघालं तर नियम मोडला. ७ उलटला आणि स्वर निघाला तरी मोडला. ४ च्या मागे क असो की अ, नियमाला धक्का लागत नाही, कारण समच्या मागे स्वरच हवा असं कुणी म्हटलेलं नाही.

खाडीपलीकडची (धागाकर्ती)

तुर्भे_नाका यांचं उत्तर बरोबर आहे. ज्यांचं वेगळं आलं त्यांनी मुळीच वाईट वाटून घेऊ नका. हे कोडं पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने लंडनमध्ये १९६६ साली मांडलं, आणि तेव्हा विद्यापीठात शिकणाऱ्यांपैकीही दहा टक्क्यांहून कमी जणांना ते जमलं. बहुतेकांनी पाचपाखाडी किंवा घणसोली_ते_दादर यांच्यासारखीच उत्तरं दिली. माझ्या वर्गात दरवर्षी हेच घडतं. ७ कडे कुणी बघत नाही.

मला त्यातलं खटकतं ते हे, की जर-तरचं वाक्य कधी खरं, कधी खोटं याचं कोष्टक मुलांना पाठ असतं. 'प खरं, फ खोटं, तेव्हाच वाक्य खोटं' ही ओळ ती झोपेतही म्हणतील. आणि तरी ७ उलटावा असं त्यांना सुचत नाही.

जुना_ठाणेकर

ताई, मी पोस्टात ३४ वर्षं काढली. तुमचं कार्डांचं कोडं मला चुकलं, मीही अ आणि ४ च म्हटलं असतं. पण वाचता वाचता सॉर्टिंगचं टेबल आठवलं.

लग्नपत्रिका बुकपोस्टाने जायच्या त्या काळातली गोष्ट. पाकिटाचं तोंड न चिकटवता फ्लॅप आत खोचायचा, वर 'बुकपोस्ट' लिहायचं, की कमी टपालात जायचं. तोंड चिकटवलं की बंद पत्राचं पूर्ण टपाल लागायचं. लग्नसराईत हजारो पत्रिका यायच्या आणि त्यात काही लोक चिकटवून वर बुकपोस्टचं तिकीट लावायचे. आमचा हात कुठे जायचा सांगू? चिकटवलेलं पाकीट दिसलं की उलटून तिकीट बघायचं, आणि कमी तिकिटाचं पाकीट दिसलं की उलटून तोंड बघायचं. पूर्ण तिकीट लावलेलं पाकीट उलटायची गरजच नव्हती. उघड्या पाकिटाला कुणी जास्तीचं तिकीट लावलं तर त्यात पोस्टाचं काय जात होतं? कमी तिकिटाचं बंद पत्र सापडलं की ते नॉटपेड व्हायचं आणि कमी पडलेल्या टपालाच्या दुप्पट रक्कम पत्र घेणाऱ्याकडून वसूल व्हायची.

म्हणजे तुमचा ७ मी रोज उलटत होतो. कोष्टक मात्र कधी पाहिलं नव्हतं.

वाशी_सेक्टर_सतरा

जुना_ठाणेकर काका, तुम्ही लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला, कारण नेमका हाच प्रयोग झालेला आहे! मी मानसशास्त्रात एमए करते आहे. १९७२ मध्ये जॉन्सन-लेर्ड आणि त्यांच्या दोन इटालियन सहकाऱ्यांनी वेसनचं कोडं पाकिटं आणि तिकिटं घेऊन मांडलं: पाकीट बंद असेल तर त्यावर जास्त किमतीचं तिकीट हवं. ब्रिटनमध्ये पूर्वी असा टपालनियम खरोखरच होता. तिथल्या लोकांना हे रूप झपाट्याने सुटलं. पुढे ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी अमेरिकेत फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांना हेच पाकिटांचं कोडं दिलं, तर फायदा काही दिसला नाही. त्या मुलांना असा नियम माहीतच नव्हता.

मग १९८२ च्या त्याच अभ्यासात त्यांनी मुलांच्या ओळखीचा नियम घेतला. बिअर पीत असेल तर वय १९ च्या वर हवं. (तिथे तेव्हा तोच कायदा होता.) चार कार्डं: बिअर, कोक, २२ वर्षं, १६ वर्षं. जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलांनी बिअर आणि १६ ही बरोबर कार्डं निवडली. कोड्याचा सांगाडा एकच. अक्षरं-आकडे असले की माणूस अडतो आणि पोलिसाच्या जागी उभं केलं की झटक्यात सुटतो.

असं का, यावर मात्र एकमत नाही. चेंग आणि होलिओक यांनी १९८५ मध्ये मांडलं की परवानगी आणि बंधन यांचे साचे आपल्या मनात आधीच तयार असतात. कॉस्मिडेस यांनी १९८९ मध्ये म्हटलं की देवघेवीत फसवणारा पकडायची नजर उत्क्रांतीने माणसाला दिली आहे. पण सांडलेलं रक्त पुसायचं असेल तर रबरी हातमोजे घालावेत, अशा काळजीच्या नियमातही लोकांना बरोबर कार्डं सुचतात, आणि तिथे कुणी कुणाला फसवत नसतं. त्यामुळे मला पहिलं स्पष्टीकरण जास्त पटतं.

रोज_ट्रान्सहार्बर

आमच्या ऑफिसमधलं उदाहरण देते. ठाण्याहून सुटणारी वाशीची गाडी तुर्भ्यानंतर सानपाड्याला थांबते. पनवेल-नेरूळच्या गाड्या तुर्भ्याहून जुईनगरकडे वळतात. नवीन आलेल्या सहकाऱ्याला आम्ही सांगितलं, "ठाणे-वाशी गाडी असेल तर ती सानपाड्याला थांबते." संध्याकाळी घरी जाताना सानपाड्याला जी गाडी थांबली तिच्यात तो बसला. सानपाड्याला थांबली म्हणजे ठाण्याचीच, असा त्याचा हिशेब. ती सीएसएमटीहून आलेली पनवेल गाडी होती. नेरूळला उतरला आणि तिथून ठाण्याची गाडी पकडून रात्री घरी पोचला.

त्याला आम्ही जे सांगितलं ते खरंच होतं. त्याने ऐकलं मात्र दोन्ही बाजूंनी.

तलावपाळी

इथे मला न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, आठवतं. संस्कृत घेऊन शिकले, 'तर्कसंग्रह' दोनदा वाचला, आणि त्यातली पर्वतावर धूर बघून तिथे अग्नी आहे असं ठरवण्याची गोष्ट मला अजूनही नवी वाटते.

जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. ही अन्वयाची बाजू. लगेच व्यतिरेक येतो: जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, जसं मोठं तळं. हे तळं इतक्या वर्षांत माझ्या नीट लक्षात आलं नव्हतं. अग्नी आहे हे दाखवायचंय तर तळ्याचं काय काम, असं वाटायचं. आज कोडं वाचलं आणि कळलं की ते तळं म्हणजेच तुमचं ७ चं कार्ड. अग्नी नसलेली जागा शोधा आणि तिथे धूर नाही ना ते बघा. अग्नी नाही आणि धूर आहे अशी एक जागा सापडली की व्याप्ती, म्हणजे 'जिथे धूर तिथे अग्नी' हा नियम, संपली. ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठावर रोज फिरायला जाते मी. उद्या पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघेन.

आणि उलटी बाजू? जिथे अग्नी तिथे धूर, हे नैयायिक (न्यायशास्त्राचे पंडित) मान्य करत नाहीत. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा ते पुढे ठेवतात: अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला ओलं सरपण लागतं. अशी आड आलेली अट म्हणजे उपाधी. सानपाड्याच्या गाडीचं हेच झालं. वाशीची असणं म्हणजे धूर आणि सानपाड्याला थांबणं म्हणजे अग्नी. अग्नीवरून धूर मानला आणि नेरूळ गाठलं.

कोपरखैरणे_कोड

एक मुद्दा मांडतो. मी प्रोग्रॅमर आहे, त्यामुळे माझ्या दृष्टीने ताईंच्या सूचनेचा अर्थ स्वच्छ आहे. थकबाकी असूनही गच्ची दिली, एवढ्या एकाच प्रसंगी ती सूचना खोटी ठरते. बाकी तिन्ही प्रसंगी खरी. थकबाकी नसलेल्याला गच्ची दिली तरी खरी, नाही दिली तरी खरी.

ही व्याख्या फार जुनी आहे. ग्रीसमध्ये फायलो नावाच्या तत्त्वज्ञाने इसवीसनाच्या कितीतरी आधी सांगितली. त्याचे गुरू डायोडोरस क्रोनस यांना ती पुरेशी वाटली नाही. ते म्हणत, खऱ्यापासून सुरू होऊन खोट्यावर संपणं कधीही शक्य नव्हतं आणि नाही, तरच जर-तर खरं. हा वाद इतका गाजला की कॅलिमाखस या कवीने लिहून ठेवलं, छपरावरचे कावळेसुद्धा कोणतं जर-तर खरं यावर ओरडतायत. माझं मत फायलोच्या बाजूने आहे. अर्थ पक्का नसेल तर नियम लिहिताच येणार नाही.

वाशी_सेक्टर_सतरा

तुमची व्याख्या गणितात आणि कोडमध्ये लागते हे मान्य. पण माणसं बोलताना ती वापरत नाहीत, असं मला ठामपणे वाटतं. एक हिशेब करून बघा.

समजा एका महिन्याचे ३० दिवस तुम्ही वहीत टिपले. १० दिवस पाऊस पडला आणि त्यातले ८ दिवस गाडी उशिरा आली. बाकी २० दिवस कोरडे. आता त्यातला एक दिवस डोळे मिटून निवडला आणि मी म्हटलं, "त्या दिवशी पाऊस पडला असेल तर गाडी उशिरा आली असेल." हे बरोबर असण्याची शक्यता किती?

तुमच्या कोष्टकाप्रमाणे वाक्य फक्त दोनच दिवशी खोटं ठरतं: पाऊस होता आणि गाडी वेळेवर आली. म्हणजे शक्यता ३० पैकी २८. पण फलाटावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, उत्तर येईल १० पैकी ८. कोरडे दिवस तो मोजतच नाही. २००३ मध्ये इव्हान्स, हँडली आणि ओव्हर यांनी अशाच धर्तीवर लोकांची उत्तरं तपासली. मोठा गट '१० पैकी ८' प्रकारे बोलत होता. एक गट '३० पैकी ८' म्हणत होता, म्हणजे पाऊस आणि उशीर दोन्ही एकदम. २८ च्या बाजूला फारसं कुणी नव्हतं.

तत्त्वज्ञ फ्रँक रॅमसे यांनी १९२९ मध्ये एका तळटीपेत हे नेमकं लिहून ठेवलंय. दोन माणसं 'जर प तर फ?' यावर वाद घालतात तेव्हा ती प हे तात्पुरतं आपल्या माहितीत घालतात आणि तिथून फ बद्दल बोलतात. प मुळात घडलंच नाही तर वाद निकाली निघत नाही, तो बाजूला राहतो. आपण वडापावची पैज लावतो ना, 'आज पाऊस पडला तर मॅच आपण जिंकणार', आणि पाऊस पडतच नाही. तेव्हा पैज जिंकली असं कुणी म्हणत नाही. पैज रद्द होते.

कोपरखैरणे_कोड

पैजेचं उदाहरण पटलं. कोरडा दिवस माझ्या बाजूने मोजला तर मला फुकटचा वडापाव मिळेल, आणि तो मी घेणार नाही. बोलण्यातलं जर-तर आणि कोष्टकातलं जर-तर वेगळं आहे एवढं मान्य करतो. पण मग ताईंच्या सूचनेत थकबाकी नसलेल्या माणसाबद्दल वाक्य गप्पच राहतं ना? मिळेल असंही म्हणत नाही.

नौपाड्याचे_शब्द

गप्प राहतं, पण ऐकणाऱ्याला ते गप्प वाटत नाही. भाषाशास्त्रात गाइस आणि झ्विकी यांनी १९७१ मध्ये यावर लिहिलंय. त्यांचं उदाहरण असं: 'तू हिरवळ कापलीस तर पाच डॉलर देईन.' ऐकणारा आपसूक समजतो की नाही कापली तर नाही देणार. वाक्यात ते नाही, पण वाक्य तिकडे बोलावतं. आपल्याकडे आई म्हणते, "अभ्यास केलास तर सायकल." मूल दुसरी बाजू न सांगता ऐकतं, आणि आईलाही ती ऐकवायचीच असते.

त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना वाक्य वाचता येत नव्हतं, हे मला अजिबात मान्य नाही. सूचना लावणाऱ्याने एकच कारण लिहिलं. वाचणारा समजतो की अजून कारणं असती तर लिहिली असती. हे चांगलं वाचन आहे.

आता मराठीबद्दल थोडं, कारण हे इंग्रजीतून बघितलं की निसटतं. मराठीत 'जर' सहज गळतो, 'तर' गळत नाही. 'पाऊस आला तर जाणार नाही.' सगळा भार 'तर'वर आहे. आणि त्याच्या शेजारचे शब्द बघा. 'पाऊस आला की निघू' म्हणणाऱ्याला पाऊस येणार याची खात्री आहे. 'आला तर' म्हणणाऱ्याला नाही. 'आला असता तर' म्हणजे आला नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. 'आलाच तर' म्हणजे येईल असं वाटत नाही. आणि 'आला तरी निघू' म्हटलं की पाऊस आणि निघणं यांची गाठच सुटली. एका वेलांटीचा फरक आहे. 'तर'ने बांधलेलं 'तरी'ने सुटतं. नैयायिकांचा 'तर्क'ही संकेतार्थातच बोलतो: अग्नी नसता तर धूरही नसता.

म्हणी घ्या. 'असतील शिते तर जमतील भुते.' आपण ती वापरतो मात्र उलट दिशेने, भुतं जमलेली बघून शितं असणार म्हणतो. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही मात्र फार काटेकोर म्हण आहे. आडात असलं म्हणजे पोहऱ्यात येईलच, असं ती कुठेही म्हणत नाही.

सीवूड्स_पाणथळ

मी पक्षी बघते, त्यामुळे माझं उदाहरण तिथलंच. हिवाळ्यापासून फ्लेमिंगो ठाणे खाडीच्या चिखलात चरतात आणि भरती आली की उथळ जागा शोधत नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीवर येतात. आम्ही नवीन लोकांना सांगतो, "भरती असेल तर तळ्यावर पक्षी दिसतील." भरतीचं वेळापत्रक बघून लोक निघतात. कुणी शंका घेत नाही.

आता त्यांना दुसरं वाक्य सांगा: "तळ्यात खाडीचं पाणी यायची वाट उघडी असेल तर पक्षी दिसतील." पहिलं वाक्य खोटं ठरलेलं नाही. भरतीही आहे. तरी ऐकणारा लगेच विचारतो, "वाट उघडी आहे ना?" आणि ठाम उत्तर द्यायचं थांबतो. तेही बरोबरच, वाट बुजली की तळं सुकतं आणि पक्षी येत नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. नियम कानावर पडतो तेव्हा त्यात न बोललेल्या किती अटी असतात याचा विचार आपण कुणी मुद्दाम केल्याशिवाय करत नाही. यावर काही अभ्यास आहे का?

वाशी_सेक्टर_सतरा

आहे! रूथ बर्न यांचा, १९८९ चा. 'तिला निबंध लिहायचा असेल तर ती उशिरापर्यंत ग्रंथालयात बसते. तिला निबंध लिहायचा आहे.' एवढं सांगितलं तर जवळजवळ सगळे म्हणतात की ती बसेल. मध्ये 'ग्रंथालय उघडं असेल तर ती बसते' हे घातलं, की असं म्हणणारे निम्म्याहून कमी होतात. पुस्तकी तर्कात नवीन माहितीने जुना निष्कर्ष कधी पुसला जात नाही. माणसांच्या विचारात पुसला जातो. काही जण याला चूक म्हणतात. तुमचं तळ्याचं वाचून मला ते शहाणपणच वाटतंय.

कळव्याची

मी या धाग्यावर लिहू की नको असा विचार दोन दिवस केला.

'कर नाही त्याला डर कशाला.' माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा असताना ठाण्यात एका दुकानात कामाला होता. गल्ल्यातले पैसे कमी आले. मालकाने सगळ्यांना उभं करून विचारलं. भाऊ थरथरायला लागला. मालक ही म्हण म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "हा घाबरलाय. म्हणजे यानेच केलंय." त्याच दिवशी कामावरून काढलं. चार दिवसांनी पैसे दुसऱ्या खणात सापडले. दुकानातूनच कुणीतरी सांगितलं. त्याला परत बोलावलं नाही.

मी इतकी वर्षं समजत होते की मालकांनी म्हण उलटी फिरवली. आज तुमचं सगळं वाचून कागदावर मांडून पाहिलं. त्यांनी तर ती बरोबर फिरवली होती. 'कर नाही तर डर नाही' खरं असेल तर 'डर आहे म्हणजे कर आहे' हेही खरंच ठरतं. धूर आणि तळ्यासारखं. मग चूक कुठे होती?

खाडीपलीकडची (धागाकर्ती)

कळव्याची ताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

तुम्ही मांडलंत ते अगदी बरोबर आहे. फिरवण्यात चूक नव्हती. चूक नियमातच होती, आणि तो नियम कुणी तपासला नाही. तपासायचा कसा, तर ज्यांच्याकडे डर आहे त्यांना बघायचं आणि त्यातल्या कुणाकडे कर नाही का ते शोधायचं. नोकरी जाईल या भीतीने, पोलीस बोलावतील या भीतीने, गरिबाचं कोण ऐकणार या भीतीने थरथरणारी निष्पाप माणसं जगात किती असतील! एक जरी सापडला तरी म्हण मोडते. तुमचा भाऊ मालकांच्या समोरच उभा होता. तो त्यांचं ७ चं कार्ड होता. त्यांनी ते उलटून पाहिलं नाही, न उलटताच मागे काय आहे ते ठरवून टाकलं.

बारावीला हे प्रकरण शिकवताना मी व्यत्यास, म्हणजे 'जर प तर फ'वरून 'जर फ तर प' काढणं, चुकीचा कसा, यावर दोन तास घालवते. नियम खरा आहे का हे कुठे शोधायचं, यावर आजवर दहा मिनिटंही दिली नाहीत. पुढच्या वर्षीपासून देईन. तुमची हरकत नसेल तर नाव-गाव न सांगता हे उदाहरण वर्गात घेईन.

कळव्याची

घ्या. भावालाही हा धागा पाठवलाय.

पाचपाखाडी

ताई, सूचनेचं काय करताय? 'थकबाकी नसेल तरच गच्ची मिळेल' असं लिहिलं तर?

नौपाड्याचे_शब्द

'तरच' लिहिलंत तर अर्थ आधीच्याच वाक्याचा राहतो. कोष्टक मांडून बघा, ओळ न ओळ जुळेल. आणि ऐकताना तर आश्वासन आधीपेक्षा ठळक होतं, कारण आता 'मिळेल' हा शब्दच समोर आला. माझं ऐकाल तर 'तरी' वापरा.

खाडीपलीकडची (धागाकर्ती)

उशिरा लिहिते आहे, मधे परीक्षांचं काम होतं.

परवा नवीन मसुदा घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. आधी सांगितलं की तुम्ही वाक्य बरोबर वाचलं होतंत, मी लिहितानाही मनात तेच धरलं होतं आणि दुरुस्तीचा विचार माझ्या मनात आला नव्हता. हे मी सभेतच उभं राहून बोलायला हवं होतं, तेही सांगितलं. काकांनी मसुदा हातात घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला. त्यात असं होतं: "कार्यक्रमासाठी गच्ची मागताना देखभाल खर्चाची थकबाकी नसावी. थकबाकी नसली तरी गच्चीवर दुरुस्तीचं काम चालू असल्यास किंवा त्या दिवसासाठी आधी नोंदणी झालेली असल्यास गच्ची मिळणार नाही."

ते म्हणाले, अजून एक वाक्य घाला. "नकार दिल्यास त्याचं कारण अर्जावर लिहून द्यावं." मी तिथेच पेनने लिहिलं. काकूंनी आतून पेढे आणले, साखरपुड्याचे राहिलेले नव्हेत, त्याच दिवशीचे. मुलीला नोकरी लागली होती.

काल समितीच्या बैठकीत मसुदा मंजूर झाला. सभेत ते वाक्य बोललेले गृहस्थ बैठक संपल्यावर एकटेच तिसऱ्या मजल्यावर जाऊन आले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. आज सकाळी सूचना लावली. लग्न मार्गशीर्षात आहे, आणि हळदीसाठी गच्ची मागणारा पहिला अर्ज दुपारी आला तो त्यांचाच. वॉटरप्रूफिंग तोवर वाळलेलं असेल.